लाइट नाही, आईच्या इन्सुलिनचं काय करू?

नाशिक, सिडको. काल ३ जून २०२०, निसर्ग वादळ श्रीवर्धनकडून आत शिरलं आणि संध्याकाळी आमची लाइट गेली, ती अजून नाही. लॉकडाऊनमुळे आई शेजारी फ्रिज वापरायला पाठवेना, "कुणाच्या दारात जायचं नाही" म्हणते. दूध उकळून ठेवलंय. पोरं मेणबत्तीत पत्ते कुटतायत, त्यांची मजाच आहे. पण फ्रिजमध्ये इन्सुलिनच्या दोन बाटल्या, एक चालू, एक सीलबंद. मोबाईल १४ टक्क्यांवर, लवकर सांगा.

— चालू बाटली ३० अंशांखाली साधारण चार आठवडे चालते. सीलबंद फ्रिजमध्येच ठेवा आणि दार उघडू नका हो सारखं! एकदा केमिस्टला फोन करून घ्या.

— आमच्या सासूबाई चालू बाटली डब्यात घालून माठाला टेकवून ठेवायच्या, वर ओलं फडकं. बर्फात मात्र नको, गोठलं की फेकावंच लागतं.

— डबा ठेवला माठाशी. आईने फडकं तीनदा भिजवलं, चौथ्यांदा माझ्याच पायावर पिळलं. केमिस्टही तेच म्हणाला. लाइट अजून नाहीच. ९ टक्के.