शब्दचर्चा: ‘आर५’ की ‘रॅली५’? आणि होमोलोगेशनला काय लिहावं?

अर्धविराम
रॅलीच्या गाड्यांवरच्या एका माहितीपुस्तिकेचं मराठी करतोय. एका पानावर ‘आर५ ही वरच्या दर्जाची गाडी’ असं आहे आणि पुढे ‘रॅली५ हा सगळ्यात खालचा वर्ग’. छपाईची चूक की माझंच काही निसटतंय? शिवाय ग्रुप, क्लास, कॅटेगरी यांची मनसोक्त सरमिसळ आहे. मी सगळीकडे ‘गट’ लिहून मोकळा झालो होतो, आता धीर होत नाही. तिसरं म्हणजे होमोलोगेशन, म्हणजे गाडीचं मॉडेल स्पर्धेत चालवण्याजोगं म्हणून रीतसर मंजूर करून घेणं. ‘मान्यता’ चालेल?

घाटवळण
पुस्तिका बरोबर आहे, घोळ नावांचाच आहे. २००८ साली एफआयएने, म्हणजे मोटार शर्यतींच्या जागतिक संघटनेने, ‘ग्रुप आर’ आणला. त्यात आकडा चढेल तशी गाडी तगडी, आर१ तळाला. आर५ काही वर्षांनी आला आणि त्या ग्रुपच्या माथ्यावर बसला. पुढे २०१९-२०च्या सुमारास सगळी उतरंड नव्याने रचली, तेव्हा मोजणी उलटी केली. रॅली१ शिखरावर, रॅली५ पायथ्याशी. त्यामुळे जुना आर५ म्हणजे आताचा रॅली२. जुन्या आर२ची जागा रॅली४ने घेतली, आर१ची रॅली५ने. मधले आर३ आणि आर४ असे सरळ जुळत नाहीत, त्यांना कोष्टकात कोंबू नका. ‘आर’ म्हणजेच ‘रॅली’ असं समजून जो कोणी संक्षेप सोडवेल, तो सुरुवातीच्या वर्गातल्या मुलाला थेट स्कोडा फाबियाच्या रॅली२मध्ये नेऊन बसवेल.

तळटीप
गट आणि वर्ग वेगळे ठेवाच. गाडी कोणत्या नियमांनुसार बांधली, तो गट: ग्रुप ए, ग्रुप एन, ग्रुप रॅली४. स्पर्धेत तिचा निकाल कोणत्या रांगेत धरतात, तो वर्ग. प्रवेशयादीत आरसी२, आरसी४, आरसी५ असं दिसतं ना, ते वर्ग. आरसी४मध्ये रॅली४सोबत जुन्या नियमांखालच्या काही गाड्याही धावतात, म्हणजे एका वर्गात अनेक गट. सगळीकडे ‘गट’ लिहिलंत तर हे वाक्य मराठीत लिहिताच येणार नाही.

घाटवळण
आणि डब्ल्यूआरसी२, डब्ल्यूआरसी३ हे गटही नाहीत, वर्गही नाहीत. ती डब्ल्यूआरसी या जागतिक रॅली स्पर्धामालिकेतली अजिंक्यपदं आहेत. २०२२पासून डब्ल्यूआरसी३ रॅली३ गाड्यांसाठी आहे. ज्युनियर डब्ल्यूआरसीही त्याच वर्षी फिएस्टा रॅली४वरून फिएस्टा रॅली३वर गेली. वर्तमानपत्रं ‘डब्ल्यूआरसी३ गाडी’ असं सर्रास छापतात, तुम्ही नका छापू.

अर्धविराम
आभार. आता ‘शक्ती-वजन गुणोत्तर’. रॅली५ला ६.४ आणि रॅली४ला ५.१ दिलंय. कमी ताकदीच्या गाडीचं गुणोत्तर मोठं कसं?

तळटीप
कारण ते ‘वजन-शक्ती’ आहे, दर अश्वशक्तीमागे किती किलो. आकडा मोठा म्हणजे प्रत्येक घोड्याच्या पाठीवर ओझं जास्त. शब्दांची अदलाबदल केलीत की अर्थ पार उलटतो. मी तर गुणोत्तर हा शब्दच टाळीन आणि ‘दर अश्वशक्तीमागे ६.४ किलो’ असं सरळ लिहीन.

घाटवळण
अगदी. मग पुढची गंमतही वाचकाला कळेल. नव्या उतरंडीच्या पहिल्या तक्त्यात रॅली३ला ५.६ होतं, म्हणजे रॅली४पेक्षा जड हिशेब. तरी ती वरची पायरी, कारण तिथे चारही चाकांना ताकद मिळते. रॅली४ आणि रॅली५मध्ये ती फक्त दोन चाकांना मिळते. खडीवर किंवा ओल्या चिखलात वळणातून बाहेर पडताना पुढची दोन चाकं जागेवर फिरत बसतात आणि चारही चाकांना ताकद मिळणारी गाडी निघून जाते, तेव्हा किलो-अश्वशक्तीचा हिशेब बाजूला राहतो.

इंजिनाबद्दल लिहिताना ‘नॅचरली अ‍ॅस्पिरेटेड’चं ‘नैसर्गिक श्वसन’ वगैरे कृपा करून करू नका. ‘बिनटर्बो’ म्हणा. रॅली४मध्ये बिनटर्बो इंजिन २००० सीसीपर्यंत चालतं, टर्बो असेल तर मर्यादा बरीच खाली येते. म्हणून प्यूजो २०८ रॅली४ तीन सिलिंडरच्या १.२ लिटर टर्बोवर धावते.

वंगण
मध्येच बोलतो. सुरुवातीच्या पायरीवरच्या गाड्यांना ‘स्टँडर्ड’ किंवा ‘शोरूमची गाडी’ म्हणायची सवय आहे, ती इथे नको. रेनो क्लिओ रॅली५ घ्या. खालच्या पायरीची गाडी, पण आत वेल्ड केलेला रोल केज (गाडी उलटली तरी आतल्यांना वाचवणारा सांगाडा), शर्यतीच्या सीट, सहा ठिकाणी अडकवायचे पट्टे आणि सिक्वेन्शियल (ओळीने एकेक गिअर बदलणारा) गिअरबॉक्स. सुरक्षेच्या बाबतीत एफआयएच्या नियमांतल्या परिशिष्ट ‘जे’चं कलम २५३ सगळ्यात खालच्या गटालाही सोडत नाही. ‘उत्पादित गाडीवर आधारलेली’ हे शब्द रुक्ष आहेत, पण खरे आहेत.

अर्धविराम
होमोलोगेशन राहिलंच.

तळटीप
‘नोंदणी’ तर नक्की नको. रॅलीची गाडी दोन टप्प्यांमधलं अंतर सार्वजनिक रस्त्यावरून कापते, त्यामुळे तिला नंबरप्लेटवाली नोंदणी वेगळी लागतेच. वाचक हमखास गोंधळेल. ‘मान्यता’ जवळ जातं, पण मोघम आहे. मान्यता स्पर्धेच्या तपासनीसांनीही दिली असं वाटू शकतं.

वंगण
मान्यतेत अर्धाच अर्थ येतो. कंपनी आपलं मॉडेल एफआयएकडे सादर करते, ठरलेल्या संख्येने बनवल्याचं दाखवते (जुन्या ग्रुप बीला २००, ग्रुप एला आधी ५००० आणि पुढे २५००), मग त्या मॉडेलचा फॉर्म निघतो. त्यात मापं आणि फोटो असतात. नंतरची भर ‘व्हीओ’, ‘ईटी’, ‘व्हीआर’ अशा पुरवण्यांनी जोडतात. तपासणीत तपासनीस हाच फॉर्म पुढ्यात ठेवून भाग पडताळतो. नियमांनी मोकळा न सोडलेला भाग फॉर्ममध्ये नसेल, तर तो कितीही चांगला असो, काढावा लागतो. खालच्या गटांत तर ही मोकळीक आणखी थोडी, कारण खर्चाला आळा घालायचा तोच मार्ग. मी शब्द होमोलोगेशनच ठेवीन आणि पहिल्यांदा आला की एका ओळीत हे सांगून टाकीन.

तळटीप
मान्य. ‘होमोलोगेशन झालेली गाडी’ बोलण्यात रुळलंय, त्याला धक्का लावून मिळवायचं काय?

अर्धविराम
मग असं लिहितो: ‘रॅली५ गटात गाडीचं किमान वजन १०३० किलो असतं आणि होमोलोगेशन फॉर्ममधले किंवा नियमांनी मोकळे सोडलेले भागच बसवता येतात.’

घाटवळण
‘किमान वजन’च्या आधी ‘माणसं न धरता’ घाला. चालक-सहचालक धरून वेगळी मर्यादा असते. आणि ‘असतं’च्या जागी ‘ठरवलं होतं’ करा, आकडे बदलत राहतात. बाकी छापायला द्या.