वेळास बघा म्हणणाऱ्यांना: पैसा नक्की कुणाच्या घरी येतो?

रानवाट: काल इथं कुणीतरी लिहिलं, 'गावात पर्यटक आले की पैसा घरोघरी पोचतो, वेळास बघा.' रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळास गावाचं काम मोठंच आहे. 2002 मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्रनं तिथं कासवांची अंडी राखायला घेतली, 2006 पासून कासव महोत्सव, पाहुणे गावकऱ्यांच्याच घरी. पण इतर गावांत पाहुणे कुणाकडे उतरतात? ज्यांच्याकडे जादा खोली, चांगला संडास आणि बारमाही पाणी आहे त्यांच्याकडे. आमच्या गावात अशी 7 घरं. पाहुण्याचे माणशी 900, आणि वाडीवरून भांडी घासायला येणाऱ्या बाईला दिवसाचे 200. हे घरोघरी?

खाडीकाठ: ती पोस्ट माझीच. आमचं घर मोठं नव्हतं. माजघर पाहुण्यांना देऊन आम्ही ओटीवर निजायचो. त्या पैशांवर आईनं आम्हा दोघी बहिणींना शिकवलं. त्याआधी मुंबईच्या मनीऑर्डरची वाट बघत बसायचो. वाटणी चुकते म्हणता, पण तेव्हा वाटायला होतं काय?

हिस्सेदार_43: सातबाऱ्याचं कुणीच बोलत नाही. आमच्यावर 43 नावं, निम्मे वारलेले, वारसनोंदी नाहीत. पाहुण्यांसाठी दोन खोल्या बांधायला कर्ज मागितलं तर सगळ्यांच्या सह्या आणा म्हणाले. एक चुलतभाऊ चार वर्षं फोन उचलत नाही.

खाडीकाठ: दादा, विषय पर्यटनाचा आहे, तुमच्या भाऊबंदकीचा नाही.

हिस्सेदार_43: हाच विषय आहे! 2020 च्या कृषी पर्यटन धोरणातसुद्धा शेतकऱ्याकडे किमान 1 एकर लागतं. ज्याच्या नावावर गुंठा नाही त्यानं काय करायचं?

घाटावरचा: जमीन महसूल संहितेच्या कलम 85 खाली तहसीलदाराकडे वाटपाचा अर्ज करा की.

हिस्सेदार_43: केला होता. एकानं मालकीवरच हरकत घेतली, झालं, दिवाणी कोर्टात जा. वडील तारखा करता करता गेले. घाटावर बसून सल्ला देणं सोपं आहे.

रानवाट: दादांचं खरंय. ज्याचा सातबारा मोकळा, त्याचीच खोली उठते. निदान पाहुणे तरी पाळीनं वाटा.

खाडीकाठ: पाळीचं एक वेळ मान्य. पण लोक आईच्या हातच्या जेवणासाठी परत येतात. त्यांना दुसऱ्या घरी कशी पाठवू?

रानवाट: नका पाठवू. तुमच्याकडे भांडी घासणाऱ्या बाईला काय देता तेवढं सांगा.

खाडीकाठ: 250. कमी आहेत, कळतंय मला. आज रात्री आईशी बोलते.