नवरदेवाच्या कट्यारीची नक्कल: कमानपाटा चालेल का?

तापीकाठ, शिरपूर
राम राम मंडळी. घरच्या जुन्या कट्यारीची नक्कल करून घ्यायची आहे. जुनी जपून ठेवू, नवी लग्नात नवरदेवाच्या हातात. पातं 24 सेंमी, बुडाशी रुंदी 6 सेंमी, मधे शीर, टोक मात्र जाड. लोहार म्हणतो ट्रकच्या कमानपाट्याचं (चाकावरच्या स्प्रिंगच्या पोलादी पट्टीचं) पातं करू आणि मुठीला वेल्डिंग मारू. बाजारात ‘दमास्कस’ पात्याची तयारही मिळतेय. कोणती घ्यावी? आणि जुनीचा गंज चिंचेने काढला तर?

भाता_हातोडा, धुळे
पाटा चालेल, वेल्डिंग नको. पाट्यात कार्बन अर्धा टक्का किंवा थोडा जास्त असतो. वेल्डिंगच्या शेजारची पट्टी तापून झटकन गार होते, काचेसारखी कडक होते आणि नेमकी तिथेच चीर जाते. नकली कट्यारी पात्यात मोडत नाहीत, मुठीच्या जोडाशी मोडतात. मुठीतून निघालेल्या दोन जिभांमध्ये पात्याचं बूड बसवून 5 मिमीचे तीन रिव्हेट मारा. भोकं पाणी द्यायच्या (तापवून, बुडवून कडक करायच्या) आधीच पाडा, नंतर ड्रिल घसरत बसेल.

भंगारातला पाटा घेताना मधल्या बोल्टच्या भोकाजवळचा भाग सोडा, थकव्याच्या चिरा तिथून सुरू होतात. उरलेल्या तुकड्याला रॉकेल लावा, पुसून कोरडा करा, वर खडूची पूड भुरभुरा. चीर असेल तर पुडीत काळी रेघ उमटते.

पाणी देताना धार 1 मिमी जाड ठेवा आणि दोन्ही बाजू सारख्या घासलेल्या असू द्या, नाहीतर पातं वाकडं होईल. चुंबक चिकटेनासं झालं की आणखी किंचित तापवून, कोमट केलेल्या तेलात टोक खाली धरून सरळ बुडवा. साध्या पाण्यात हा पाटा तडकतो. बुडाची दोन इंच तापवूच नका, रिव्हेटची जागा मऊ राहिली पाहिजे. लगेच घरच्या ओव्हनमध्ये 250 अंशांवर एकेक तास दोनदा तापवून कडकपणा थोडा उतरवा. ‘उद्या बघू’ म्हणून ठेवलेलं पातं रात्रीतून तडकू शकतं.

मुठीचं माप जुनीवरून उचलू नका. जुन्या मुठी अरुंद असतात, आजच्या माणसाचा पंजा आत अडकतो. नवरदेवाची बंद मूठ मोजा, कट्यारीच्या मुठीच्या दोन उभ्या पट्ट्यांमध्ये (पंजा त्यांच्यामधली आडवी दांडी धरतो) त्याहून 1 सेंमी जास्त जागा ठेवा.

कायदा_आधी, जळगाव
भाऊ, हळदीच्या कट्यारीला पाणी कशाला? लिंबू टोचायला 4 मिमीची साधी लोखंडी पट्टीही पुरे. शस्त्र नियमांच्या यादीत 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पात्याची सुरी-खंजीर येते. तुमची 24 सेंमी म्हणजे साडेनऊ इंच आणि 6 सेंमी म्हणजे सव्वादोन, दोन्ही मापांनी यादीत येते. ‘धार नाही, शोभेची आहे’ हेही पुरत नाही. 1959 च्या कायद्यात सूट आहे ती खेळण्यापलीकडे उपयोग नसलेल्या आणि खरं शस्त्र करता न येणाऱ्या वस्तूंना. कमानपाट्याला ग्राइंडर लावला की धार आलीच. परवाना कुठे लागतो हे त्या भागाच्या अधिसूचनेवर ठरतं, म्हणून पोलीस ठाण्यात विचारा. नक्कल 21 सेंमी लांब, 4.8 सेंमी रुंद करा, फोटोत फरक कळत नाही.

भाता_हातोडा, धुळे
मापाचं पटलं. पण साधी पट्टी हातात पत्र्यासारखी लागते, वजनच मिळत नाही. 6 मिमी तरी घ्या आणि टोक जाड सोडा. ते चिलखताच्या कड्या फोडायला जाड असायचं, पातळ टोकाची कट्यार ओळखणाऱ्याला लगेच खटकते.

गंजशत्रू, भुसावळ
‘दमास्कस’चं: जुनं जौहरदार (अंगची लाटांसारखी नक्षी असलेलं) पोलाद मुशीत वितळवलेलं, एकाच लगडीचं. आजचं म्हणजे दोन प्रकारच्या पोलादाचे थर जोडलेले. वाईट नव्हे, पण ते हे नव्हे. काही ठिकाणी तर नक्षी नुसती लेसरने कोरलेली असते. मुठीत झाकल्या जाणाऱ्या जागी 400 नंबरच्या पॉलिश पेपरने घासा, फेरिक क्लोराईडचा (पोलाद किंचित खाणारं रसायन) बोळा फिरवा. थर असतील तर नक्षी परत येते.

जुनीला चिंच, लिंबू, राख काहीच लावू नका. मुठीवर कोफ्तगिरी (लोखंडावर सोन्याच्या तारेची नक्षी) असेल तर भिंगातून बारीक आडव्यातिडव्या ओरखड्यांची जाळी दिसेल. सोन्याची तार त्याच जाळीत ठोकून बसवलेली असते, आम्लाने खालचं लोखंड खाल्लं की सोनं सुटतं. शिवणयंत्राच्या तेलात भिजवून दोन दिवस ठेवा, मग बांबूच्या काडीने गंज खरवडा. गोडं तेल नको, चिकटून पिवळं पडतं.

तापीकाठ, शिरपूर
मग लिंबू नव्या कट्यारीला तरी चालेल ना?

गंजशत्रू, भुसावळ
चालेल, पण विधी झाला की लगेच काढा. रात्रभर राहिलं की टोकावर काळा डाग पडतो. ओल्या फडक्याने रस पुसा, कोरडं करा, तेलाचा हात फिरवा. आणि पावसाळ्यात कातडी म्यानात घालून ठेवू नका, कातडं ओल धरतं आणि म्यानाच्या आकाराचा गंज चढतो.