छात्राध्यापकांना लिंगभावाचे प्रशिक्षण हवे की नको?

मीमांसा
'शुद्धशिक्षण' यांनी काल लिहिले की चांगल्या शिक्षकाला वर्गात मुलगा किंवा मुलगी दिसत नाही, केवळ विद्यार्थी दिसतो. म्हणून छात्राध्यापकांच्या, म्हणजे शिक्षक होण्याचे शिक्षण घेणाऱ्यांच्या, लिंगभाव संवेदनशीलतेवर खर्च होणारे तास विषयज्ञानाला द्यावेत. हे वाचून गप्प बसवले नाही. भेद दिसत नाही म्हणजे तो आपल्या हातून घडतही नाही, हे आपण कशाच्या आधारे ठरवले? मायरा आणि डेव्हिड सॅडकर यांनी अमेरिकेतील वर्गांचे अनेक वर्षे निरीक्षण केले, तेव्हा शिक्षकांचे लक्ष मुलग्यांकडे अधिक जाते असे त्यांना आढळले, आणि त्या शिक्षकांना त्याची जाणीवही नव्हती. मिशेला कार्लाना यांच्या २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इटलीतील अभ्यासात, ज्या गणित शिक्षकांच्या मनातील रूढ कल्पना अधिक घट्ट होत्या, त्यांच्या वर्गातील मुली गणितात मुलग्यांपेक्षा अधिक मागे पडल्या आणि पुढे तुलनेने सोप्या शाखांकडे वळल्या.

मी सराव पाठांचे निरीक्षण करते. एका हुशार छात्राध्यापकाने संपूर्ण तासिकेत 'का' आणि 'कसे' हे प्रश्न मुलग्यांना विचारले आणि मुलींकडून व्याख्या म्हणून घेतल्या. पाठानंतर मी नोंदी त्याच्यापुढे ठेवल्या, तेव्हा त्याला त्या खऱ्याच वाटेनात. विषयज्ञानात तो कुठेही कमी नव्हता.

शुद्धशिक्षण
इटलीतील अभ्यासात शिक्षकांच्या मनातील नकळत असलेला कल ज्या चाचणीने मोजला, त्याच प्रकारच्या मोजमापांविषयी ४९२ अभ्यासांचा एकत्रित आढावाही २०१९ मध्येच प्रसिद्ध झाला. चाचणीतील गुण बदलले म्हणून वागणूक बदलतेच असे त्यात दिसले नाही, हे आपण सोयीस्करपणे वगळले आहे. समस्या आहे एवढ्यावरून आपला उपाय लागू पडतो, हे सिद्ध होत नाही.

मी स्वतः लिंगभाव प्रशिक्षणाचे दोन दिवसांचे शिबिर केले आहे. गटचर्चा झाली, भित्तिपत्रके रंगवली गेली, सर्वांनी प्रतिज्ञा घेतली. समारोपाला मात्र पाहुण्यांच्या स्वागताला छात्राध्यापिका उभ्या होत्या आणि खुर्च्या आम्ही उचलत होतो. ही वाटणी आयोजकांनीच केली होती आणि त्यांच्यापैकी एकालाही त्यात काही वावगे वाटले नाही.

अर्धविराम
आणि त्या शिबिराचा अहवाल छायाचित्रांसह जर्नलमध्ये, म्हणजे छात्राध्यापकाच्या नोंदवहीत, सुवाच्य अक्षरात लिहावा लागला असेल, हे सांगायचे राहिले. पाठ टाचण, निरीक्षण वही, कृतिसंशोधन आणि त्यावर हे. छात्राध्यापकाला वर्गाकडे पाहायला वेळ उरला, तर तो मुलींकडे किती पाहतो हे मोजता येईल.

तिसरा बाक
सॅडकर यांचे नाव निघालेच आहे तर ते पुरते सांगावे. मुलग्यांना मिळणाऱ्या त्या अधिकच्या लक्षात शाबासकीबरोबर रागावणेही होते. पंधरा वर्षांच्या विद्यार्थ्यांसाठीच्या 'पिसा' या आंतरराष्ट्रीय चाचणीत २०२२ साली सहभागी प्रगत देशांच्या सरासरीने मुलगे वाचनात मुलींपेक्षा २४ गुणांनी मागे होते. गणितात मुलगे ९ गुणांनी पुढे होते. यातील ९ गुणांवर शिबिरे होतात आणि २४ गुणांवर कोणी बोलत नाही.

आंतरवासितेत, म्हणजे शाळेतील प्रत्यक्ष सरावाच्या काळात, मला पहिलीचा वर्ग हवा होता. मार्गदर्शक बाईंनी मला नववीत पाठवले आणि सर्वांसमोर म्हणाल्या की पुरुषांना लहान मुले सांभाळता येत नाहीत. एकदा मैदानावर पडून रडणाऱ्या मुलाला मी उचलले, तर त्याला लगेच खाली ठेवून बाईंना बोलवा, असे मला सांगण्यात आले. लहान वर्गांना पुरुष शिक्षक मिळत नाहीत, असे म्हणणारी मंडळी हीच.

मीमांसा
आपल्याला वाईट वाटले असेल हे मान्य आहे, परंतु लहान मुलांच्या सुरक्षिततेबाबत शाळेने सावध राहणे हा काही पुरुषांवरील अन्याय नव्हे.

तिसरा बाक
म्हणजे मी संशयित आहे, हे आपण सभ्य भाषेत सांगत आहात. सुरक्षिततेचा नियम असेल तर तो बाईंनाही लागू हवा. एकट्या मुलाबरोबर बंद खोलीत कोणीही बसू नये. माझ्यापुरता केलेला नियम हा आपणच वर वर्णन केलेला भेद आहे, केवळ तो आपल्याला या बाजूने दिसत नाही.

अर्धविराम
यांना नववी मिळाली हे निदान बढतीसारखे तरी दिसले. माझ्या मैत्रिणीला वरच्या वर्गाचे भौतिकशास्त्र शिकवायचे होते, तर लहान वर्ग बायकांना शोभतात असे सांगून तिला तिसरीत बसवले. दोघांच्या वाटपामागे एकच डोके असावे.

मीमांसा
नियम सर्वांना सारखा हवा, हे 'तिसरा बाक' यांचे म्हणणे मला नाकारता येत नाही, जरी त्यांच्या सुरामुळे ते मान्य करणे अवघड जाते. पण त्या बाईंनाच हे प्रशिक्षण मिळायला हवे होते, एवढे तरी त्यांनी कबूल करावे. 'शुद्धशिक्षण' यांना उपायाचा पुरावा हवा आहे. हरियाणातील ३१४ सरकारी शाळांमधील अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सातवी-आठवीच्या मुलामुलींशी सुमारे अडीच वर्षे वर्गात नियमित चर्चा घेण्यात आली. त्यांची मते अधिक समतेची झाली आणि कार्यक्रम संपल्यावर दोन वर्षांनीही तो बदल टिकून होता.

शुद्धशिक्षण
तो कार्यक्रम विद्यार्थ्यांसाठी होता, छात्राध्यापकांसाठी नव्हता. शिवाय अडीच वर्षे कोठे आणि दोन दिवस कोठे? आपलाच पुरावा शिबिरांच्या विरोधात जातो, त्याबद्दल आभार. सराव पाठाच्या निरीक्षण पत्रकात कोणाला कोणता प्रश्न विचारला, कोणाला किती वेळ थांबून उत्तर देऊ दिले आणि कोणाला रागावले, असे तीन रकाने घालायला माझी हरकत नाही. प्रत्येक पाठाला ते भरा, अध्यापन पद्धतीच्या तासाला त्यावर चर्चा करा आणि शिबिर बंद करा.

मीमांसा
शिबिर बंद करायला मी आज तयार आहे. मी त्याची बाजू मुळात घेतलीच नव्हती. मात्र ते रकाने भरणाऱ्या आम्हा निरीक्षकांना आधी शिकवावे लागेल, आणि त्यासाठीचे तास आपण विषयज्ञानातून कापू देणार का, हे आताच सांगावे.

शुद्धशिक्षण
जर्नलमधून कापा. तेथे 'अर्धविराम' यांचीही संमती मिळेल.