पॅरिस ऑलिम्पिक २०२४, जिम्नॅस्टिक्स, पुरुष ऑल-अराउंड (सहाही साधनांच्या गुणांची बेरीज): झांग पडूनही रौप्य कसं, आणि सुवर्ण नेमकं कुठे गेलं?

वेदांती_क
३१ जुलै २०२४ च्या अंतिम फेरीचा गुणतक्ता समोर ठेवून विचारते आहे. शिनोसुके ओका (जपान) ८६.८३२, झांग बोहेंग (चीन) ८६.५९९, शियाओ रुओतेंग (चीन) ८६.३६४. ओकाचे साधनवार गुण: फ्लोअर १४.५६६, पॉमेल हॉर्स (मुठी बसवलेला घोडा) १४.५००, रिंग्ज १३.८६६, व्हॉल्ट १४.३००, पॅरलल बार १५.१००, हाय बार १४.५००.

झांग पात्रता फेरीत पहिला होता. अंतिम फेरीत पहिल्याच साधनावर, म्हणजे फ्लोअरवर, तो पडला आणि १३.९३३ वर अडकला. तरीही शेवटी फरक उरला फक्त ०.२३३ चा. मला तीन गोष्टी हव्या आहेत. एका पडण्याची खरी किंमत किती धरायची? हे .५६६, .८६६ असे आकडे कुठून येतात? आणि रिंग्जवर १४ च्या खाली राहूनही ओकाला सुवर्ण परवडलं कसं? क्लबमधल्या चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना हे शिकवायचं आहे, त्यामुळे मोघम उत्तर नको.

तिसरा_दशांश
आधी आकड्यांचं बघू, म्हणजे पुढचं सोपं जाईल.

प्रत्येक साधनाचे गुण म्हणजे डी-गुण अधिक ई-गुण वजा दंड. डी म्हणजे काठिण्य, ई म्हणजे सादरीकरणाची सफाई. पॅरिसच्या नियमांत डिसमाउंट (साधनावरून उतरण्याची उडी) धरून सर्वात अवघड दहा घटक, म्हणजे कसरती, मोजत. २०२५ पासून आठच मोजतात, म्हणून जुन्या आणि नव्या स्पर्धांचे गुण शेजारी ठेवून तुलना करू नका. घटकांना ए = ०.१, बी = ०.२, सी = ०.३ अशी चढती किंमत असते (ही अक्षरं घटकाच्या दर्जाची; डी-गुण, ई-गुण यांच्याशी त्यांची गल्लत नको). शिवाय व्हॉल्ट सोडून प्रत्येक साधनावर घटकांचे चार गट असतात आणि गट भरला की ०.५ पर्यंत मिळतात. मुलांना फळ्यावर असं मांडून दाखवा: तीन ई (१.५), चार डी (१.६), तीन सी (०.९), झाले ४.०. चारही गट भरले, २.०. डी-गुण ६.०. आता ई-गुण. तिथे १०.० पासून खाली यायचं: छोटी चूक ०.१, मध्यम ०.३, मोठी ०.५, पडलात तर १.०. समजा १.५ कापले गेले, तर ८.५. एकूण १४.५. पॅरिसमध्ये ऑल-अराउंडच्या पदकाजवळच्या खेळाडूचा साधारण चांगला संच (एका साधनावरचा पूर्ण कार्यक्रम) याच्या आसपास असायचा.

तिसऱ्या दशांशाचं कारण असं की ई-गुण देणाऱ्या परीक्षकांपैकी टोकाचे आकडे काढून टाकतात आणि मधल्या तिघांची सरासरी घेतात. प्रत्येकाची वजावट ०.१ च्या पटीत असते, म्हणून तिघांच्या सरासरीत शेवटी ००, ३३ किंवा ६६ हेच येतं. पुढचे आकडे नुसते कापतात, वर ढकलत नाहीत. म्हणून १४.५६६; १४.५६७ कधीच नाही.

यातून एक गंमतशीर गोष्ट निघते. झांगला हाय बारवर १४.६३३ मिळाले. म्हणजे त्याआधी तो ७१.९६६ वर होता आणि ओका ७२.३३२ वर. ओकाच्या हाय बारनंतर झांगला १४.८६६ मिळाले असते तर बरोबर ८६.८३२, तंतोतंत बरोबरी. पुढे जायला पुढची शक्य पायरी थेट १४.९००. मधला आकडा त्या पद्धतीत संभवतच नाही.

हँडस्टँड_बघा
पडण्याची किंमत १.० असं सगळे पाठ करून बसतात. ती किमान किंमत आहे.

फ्लोअरवर पाय आधी टेकले आणि मग हात किंवा बूड लागलं, तर १.० जातो पण घटक मोजला जातो. पाय टेकायच्या आधीच हात लागले, तर घटकही गेला. तो ई घटक असेल तर आणखी ०.५, आणि तो त्या गटातला एकमेव असेल तर गटाचे ०.५ सुद्धा. म्हणजे एकाच चुकीत २.० पर्यंत मजल जाते. हाय बारवर हाच फरक पकडीत असतो. हवेतून येऊन बार दोन्ही हातांनी पकडला आणि मग सुटला, तर घटक तुमचा. बोटं नुसती घासून गेली तर नाही. मुलांना सरावात सांगा, सुटणार हे कळलं तरी पकड पूर्ण करायचा प्रयत्न सोडायचा नाही. अर्थात खाली जाड गादी आणि प्रशिक्षक असतानाच.

झांगच्या बाबतीत, फ्लोअरवरच्या पडण्याचे निव्वळ १.० परत धरले तरी ते ०.२३३ च्या चौपटीहून जास्त होतात. तेव्हा सुवर्ण कुठे गेलं याचं उत्तर हाय बारवर शोधू नका. ते पहिल्या वीस मिनिटांतच गेलं होतं. पाच साधनांवर त्याने जी भरपाई केली ती मात्र थक्क करणारी आहे, आणि मुलांना ती जरूर दाखवा: पडल्यानंतर घाईघाईने काठिण्य वाढवलं नाही, नेहमीचे संच नेहमीच्या शांतपणे केले.

दाईकी हाशिमोतो त्याच फेरीत पॉमेल हॉर्सवर पडला आणि सहावा आला. टोकियोचा विजेता होता तो. पॉमेलवर पडण्याचं मूळ बहुतेक वेळा पडण्याच्या दोन फिरक्या आधी असतं. आधाराचा हात उशिरा सुटतो, खांदा त्या बाजूला पुरेसा झुकत नाही, कंबर खाली येते, आणि मग पाय घोड्याला घासतो. प्रेक्षकांना घासलेला पाय दिसतो. प्रशिक्षकाने खांदा बघायचा असतो.

सोलापूरकर_राणे
रिंग्जच्या प्रश्नावर लिहितो, कारण आपल्याकडे इथेच सर्वात जास्त गुण फुकट जातात.

रिंग्जवर ताकदीची प्रत्येक स्थिती दोन सेकंद स्थिर धरायची. दोन सेकंदांहून कमी धरली तर ०.३, थांबलीच नाही तर ०.५ आणि घटकही नाही. त्यावर कोनाची वजावट वेगळी: आदर्श स्थितीपासून १५ अंशांपर्यंत ०.१, १६ ते ३० अंश ०.३, ३१ ते ४५ अंश ०.५, त्यापुढे घटक रद्द. आता हिशेब करा. मॉल्टीज (शरीर रिंग्जच्या पातळीत आडवं धरणं) हा डी, म्हणजे ०.४. खांदे रिंग्जच्या पातळीपेक्षा २० अंश वर राहिले, ०.३ गेले. दीड सेकंदच धरलं, आणखी ०.३. ०.४ कमावायला ०.६ मोजले. हाच मुलगा साधा क्रॉस (शरीर उभं, हात दोन्ही बाजूंना पसरलेले), जो फक्त बी आहे, हात सरळ आडव्या रेषेत ठेवून पूर्ण दोन सेकंद धरेल तर ०.२ पदरात पडतात आणि काहीच जात नाही. एकूण फरक ०.४ चा, तोही सोप्या घटकाच्या बाजूने. हे गणित मांडल्याशिवाय मुलं ऐकत नाहीत, सगळ्यांना मॉल्टीजच करायचा असतो.

ओकाचं १३.८६६ या नजरेने बघा. रिंग्ज हे त्याचं पदकाचं साधन नाही. तिथे त्याने मोठी पडझड होऊ दिली नाही आणि पॅरलल बारवर १५.१०० काढले. सहा साधनांत एक साधन कमजोर असणं चालतं, मात्र त्या साधनावर पडणं चालत नाही. त्याचे सहाही आकडे १३.८६६ ते १५.१०० या पट्ट्यात आहेत, आणि माझ्या मते ऑल-अराउंडची तयारी म्हणजे हा पट्टा अरुंद करणं.

वेदांती_क
मॉल्टीजचं गणित उद्याच फळ्यावर येणार. धन्यवाद! पॅरलल बारबद्दल एक उपप्रश्न: अंतिम फेरीत खेळाडू आणि प्रशिक्षक बारवर इतका वेळ काय चोपडत असतात? आणि दंड, हरकती वगैरेंचा निकालावर खरंच फरक पडतो का, की ती नुसती चर्चा?

हँडस्टँड_बघा
मध किंवा साखरेचा पाक, वर चॉकची पूड. बार लाकडी पृष्ठभागाचे असतात, आणि खालून झोका घेऊन परत आधारावर येताना तळवा सरकला तर दंड सोडा, मनगट जातं. नुसत्या चॉकने हात कोरडा राहतो, पण चिकटत नाही. आधी पातळ थर मधाचा, त्यावर चॉक, आणि आधीच्या खेळाडूचा साचलेला थर ओल्या फडक्याने किंवा ब्रशने काढायचा. जाड थर राहिला तर हात अडकतो आणि पुढची फिरकी अर्धवट राहते. दोन बारमधलं अंतरही प्रत्येकाला वेगळं लागतं, ४२ ते ५२ सेंमी च्या दरम्यान. म्हणून वॉर्मअपला बाकी साधनांवर ३० सेकंद मिळतात, इथे ५०. अंतर आपल्या मुलाच्या कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंतच्या लांबीवरून ठरवा आणि वहीत लिहून ठेवा. स्पर्धेच्या दिवशी अंदाजाने फिरवत बसू नका.

तिसरा_दशांश
दंडांचा फरक पडतो, पण लोक सांगतात तसा दरवेळी नाही. टोकियोत (स्पर्धा झाली २०२१ मध्ये) शियाओ रुओतेंगला हाय बार संपल्यावर परीक्षकांना अभिवादन न केल्याबद्दल ०.३ चा दंड बसला. त्यामुळे सुवर्ण गेलं असं अजूनही लिहिलं जातं. आकडे बघा: हाशिमोतो ८८.४६५, शियाओ ८८.०६५. फरक ०.४००. दंड नसता तरी ०.१ कमीच पडले असते. पण कांस्यपदक विजेता निकिता नागोर्नी ८८.०३१ वर होता, फक्त ०.०३४ मागे. त्याच दंडात रौप्य जाता जाता राहिलं. मुलांना संच संपल्यावर दोन्ही हात वर करून परीक्षकांकडे वळायची सवय सरावातच लावा. दमलेला मुलगा स्पर्धेत सवयीनेच वागतो.

रिओ २०१६ तर याहून चुरशीचं. शेवटच्या साधनाआधी ओलेग वेर्नियाएव्ह ०.९०१ ने पुढे. हाय बारवर कोहेई उचिमुरा १५.८००, वेर्नियाएव्ह १४.८००. निकाल ९२.३६५ विरुद्ध ९२.२६६. ०.०९९ चा फरक, म्हणजे लँडिंगच्या एका छोट्या पावलाच्या वजावटीहूनही कमी.

अपिलाची_वेळ
हरकतीबद्दल: ई-गुणांवर हरकत घेताच येत नाही, फक्त डी-गुणांवर. आणि वेळ फार कमी असतो. गुण फलकावर आले की पुढच्या खेळाडूचे गुण लागायच्या आत तोंडी नोंदवायची. गटातला शेवटचा खेळाडू असेल तर एक मिनिट. मग लेखी द्यायची. पॅरिसमध्येच महिलांच्या फ्लोअर अंतिम फेरीत जॉर्डन चाइल्सच्या वतीने घेतलेली हरकत एक मिनिटाची मुदत संपल्यावर चार सेकंदांनी नोंदली गेली असं क्रीडा लवादाने धरलं आणि वाढलेले गुण रद्द केले.

पुरुष ऑल-अराउंडमधलं जुनं उदाहरण अथेन्स २००४ चं. कोरियाच्या यांग ते-यंगच्या पॅरलल बारच्या संचाला १०.० ऐवजी ९.९ इतकं आरंभमूल्य (तेव्हाच्या दहा गुणांच्या पद्धतीत वजावट जिथून सुरू होई तो आकडा) धरलं गेलं. तो ५७.७७४ वर तिसरा आला आणि पॉल हॅम ५७.८२३ वर पहिला. फरक ०.०४९, चूक ०.१ ची. पण हरकत वेळेत आली नाही आणि क्रीडा लवादाने निकाल बदलला नाही. चित्रफीत पुन्हा बघितल्यावर त्याच संचात परवानगीपेक्षा एक थांबा जास्त असल्याचंही समोर आलं, जो परीक्षकांनी कापला नव्हता. तेव्हा चित्रफीत मागायची तर ती दोन्ही बाजूंनी कापते, हे धरूनच मागा. हॅमबद्दलही मुलांना सांगाच: व्हॉल्टवर पडून ९.१३७ मिळाले, बाराव्या क्रमांकावर घसरला, आणि उरलेल्या दोन्ही साधनांवर ९.८३७ काढले.

व्यवहारात करायचं ते असं. संचाचे घटक क्रमाने कागदावर, प्रत्येकापुढे किंमत. मुलगा करत असताना एक सहायक टिकमार्क करत जातो, सुटलेल्या घटकावर फुली. डी-गुण फलकावर येईपर्यंत तुमची बेरीज तयार पाहिजे. आधी फलक बघून मग बेरीज करायला बसलात तर मिनिट संपलं.

सोलापूरकर_राणे
शेवटचं एक, कारण महाराष्ट्रातल्या क्लबमध्ये हे हमखास होतं. मल्लखांबावरून आलेल्या मुलांना पकड आणि पोटाची ताकद भरपूर असते, म्हणून त्यांना लवकर हाय बारवर चढवतात. मल्लखांबाला एरंडेल चोळतात आणि उघड्या हातांनी, अंगाच्या मिठीने धरतात. हाय बारवर तळव्यावर बांधायचे चामड्याचे ग्रिप लागतात, त्यांत बोटांजवळ छोटी दांडी असते, आणि ती पकड या मुलांना पूर्ण नवीन असते. ग्रिपचं चामडं ताणून लांबलं की दांडी बारवरून पलीकडे जाते, ग्रिप स्वतःवरच अडकतो आणि शरीर फिरत राहतं. हात मोडतो तो इथे. दर सरावाआधी ग्रिप घालून मूठ वळवायची. चामडं तळव्यावर सैल फुगत असेल तर तो जोड फेकून द्या, शिवून घेऊ नका. आणि रिंग्जचे ग्रिप हाय बारवर अजिबात नको. त्यांची दांडी जाड आणि चामडं लांब असतं, ते बारभोवती अडकायला एक सुटलेला जायंटसुद्धा (ताठ शरीराने बारभोवती पूर्ण फिरकी) पुरतो. दोन्ही जोडांवर वेगळ्या रंगाची पट्टी शिवा आणि वेगळ्या पिशवीत ठेवा.