गुड ओमेन्स : शेवटचा भाग व्हावा की नको?

सोहोकर
'गुड ओमेन्स' म्हणजे अझिराफेल हा देवदूत आणि क्राउली हा नरकाचा दूत यांच्या मैत्रीची टीव्ही मालिका. तिच्याबद्दल परवा इथे कुणीतरी लिहिलं, "मूळ कादंबरी 1990 ची. 2019 च्या पहिल्या सीझनमध्ये ती पूर्ण झाली. पुढचं सगळं बांडगूळ." साफ चूक! कादंबरीचे लेखक टेरी प्रॅचेट आणि नील गेमन यांनी 1989 मध्ये सिअ‍ॅटलच्या हॉटेलात तिच्या पुढच्या कादंबरीची आखणी केली होती. गॅब्रिएल आणि बाकीची देवदूत मंडळी त्यातूनच पहिल्या सीझनमध्ये आली, हे गेमननेच सांगितलंय. दुसरा सीझन हा त्या कथेकडे नेणारा पूल. अर्ध्या पुलावर थांबायचं?

तळटीप
आखणी म्हणजे लेखन नव्हे. प्रॅचेट 2015 ला गेला. त्याच्या इच्छेप्रमाणे 2017 मध्ये त्याची हार्ड डिस्क वाफेच्या रोडरोलरखाली चिरडली, अर्धवट लेखन कुणी पुरं करू नये म्हणून. याहून स्पष्ट काय सांगायचं माणसाने?

सोहोकर
ते त्याचं एकट्याचं लेखन होतं. मालिका लिही, असं गेमनला त्यानेच सांगितलं होतं. दोन गोष्टींची गल्लत करू नका.

तळटीप
कादंबरीची मालिका कर म्हणाला, पुढे ओढ म्हणाला नाही. आणि ओढताना काय गेलं बघा : निवेदक! पहिल्या सीझनमध्ये फ्रान्सिस मॅकडॉर्मंडचा आवाज होता, दुसऱ्यात तो काढून टाकला. या पुस्तकाचा अर्धा जीव तळटिपांत आहे. जुन्या ब्रिटिश नाण्यांची ती टीप आठवा. फार्दिंग, पेनी, शिलिंग, गिनी असा सगळा गुंता मांडून शेवटी म्हणतात, दशमान पद्धत फार अवघड वाटल्याने ब्रिटिशांनी ती बरीच वर्षं टाळली. आणे-पै माहीत असलेल्याला ही लगेच कळते. पण ती कुठल्या पात्राच्या तोंडी घालणार? निवेदकच हवा.

रेवातीर
निवेदक नको होता. पहिल्या सीझनमध्ये समोर दिसतंय तेच आवाज पुन्हा सांगतो. सगळ्यात चांगला तुकडा कुठला? तिसऱ्या भागाच्या सुरुवातीचा, नोहाच्या जहाजापासून पुढे अझिराफेल-क्राउलीच्या भेटी दाखवणारा जवळजवळ अर्धा तास. तो पुस्तकात नाहीच, मालिकेसाठी लिहिलाय.

तळटीप
तुम्ही पुस्तक वाचलंय की नुसत्या क्लिपा बघता? तो तुकडा पुस्तकातल्या पात्रांवर उभा आहे.

रेवातीर
वाचलंय. वैयक्तिक होऊ नका. दुसऱ्या सीझनमधला बायबलमधल्या जोबचा भाग बघा, जॉन फिनेमोरने लिहिलेला. अझिराफेल पहिल्यांदा अन्न चाखतो आणि बैलाच्या बरगड्यांवर तुटून पडतो. शेवटी समुद्राकाठी बसून म्हणतो, मी खोटं बोललो, आता मला नरकात ने. क्राउली म्हणतो, मी कुणाला सांगणार नाही. निवेदक आहे कुठे यात? गरजच नाही.

तळटीप
जोबचा भाग चांगला आहे, मान्य. एवढंच मान्य.

सोहोकर
मूळ मुद्द्यावर या. 2024 मध्ये गेमनवर आरोप झाले, त्याने ते नाकारले, पण तो निर्मितीतून बाहेर पडला आणि 6 भागांच्या तिसऱ्या सीझनऐवजी 90 मिनिटांचा एकच भाग ठरला. माझी खरी काळजी ती आहे. येशूचं दुसरं आगमन, अझिराफेलची स्वर्गातली बढती, त्याच्या पुस्तकांच्या दुकानात बसवलेली देवदूत म्यूरिएल आणि स्वर्गाच्या लिफ्टचं दार बंद होताना बाहेर आपल्या बेंटली गाडीपाशी उभा क्राउली. एवढं सगळं 90 मिनिटांत?

रेवातीर
मग दुसरं आगमन आवरतं घ्या. क्राउलीच्या त्या उभं राहण्याला मात्र निदान अर्धा तास द्या.

तळटीप
आणि एक तळटीप.