क्रेडिट कार्डाचं 'पेमेंट प्रोटेक्शन' ठेवू की काढून टाकू?

शिफ्टवाला_चाकण
कालच्या स्टेटमेंटात एक ओळ दिसली: 'प्रोटेक्शन प्लॅन, वार्षिक ₹१,७५०'. खाली १८ टक्के जीएसटी, ₹३१५. झाले ₹२,०६५. मग आठवलं, गेल्या महिन्यात नाइट करून झोपलो होतो तेव्हा एका मुलीचा फोन आला होता. "सर, नोकरी गेली तर तीन महिने मिनिमम ड्यू आम्ही भरू." (म्हणजे कार्डावर दर महिन्याला कमीत कमी भरायची रक्कम.) मी झोपेत हो हो म्हणालो आणि कूस बदलली. तेवढं 'हो हो' त्यांना पुरलं.

कार्डावर ३८ हजार थकलेत, वडिलांच्या मोतीबिंदूचे. पगार कंत्राटदाराकडून येतो. दिवाळीनंतर आमच्या लाइनवरची सहा पोरं घरी बसली, त्यामुळे भीती खोटी नाही. बायको म्हणते असू दे, महिन्याला पावणेदोनशेसुद्धा पडत नाहीत. काय करू?

माजी_टेलिकॉलर_ठाणे
दादा, मी दोन वर्षं हेच विकलंय. 'नोकरी गेली तर' हे पहिल्या वाक्यात, गोड आवाजात. कंत्राटी कामगार चालत नाही, राजीनामा चालत नाही, पहिल्या ९० दिवसांत नोकरी गेली तर काही मिळत नाही, हे सगळं शेवटी एका दमात वाचायचं. आमच्या प्लॅनचं असं होतं. तुमच्या कागदात 'पात्रता' कुठे लिहिलीय ते आधी बघा.

जमाखर्च
समजा मिळाले, तरी किती? मिनिमम ड्यू ५ टक्के धरला तर ₹१,९००. व्याज महिना साडेतीन टक्के, म्हणजे ₹१,३३०, त्यावर जीएसटी ₹२३९. मुद्दलातून फिटले ₹३३१. तीन महिन्यांत जेमतेम हजार! तेच ₹२,०६५ आत्ता थकबाकीत भरा. घरच्यांची काळजी असेल तर टर्म इन्शुरन्स (ठराविक मुदतीचा जीवन विमा) घ्या, तो वेगळा विषय.

आणि फोनवरच्या 'हो'चं म्हणाल, तर हा विमा असेल तर रिझर्व्ह बँकेच्या कार्ड नियमांप्रमाणे लेखी किंवा डिजिटल स्पष्ट संमती लागते, नॉमिनीच्या तपशिलासकट. लेखी तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा, फी नाही.

एडिसनकर
इकडे अमेरिकेत हेच झालं होतं. २०१२ साली सीएफपीबीने (इकडची ग्राहकांच्या आर्थिक हिताची सरकारी संस्था) कॅपिटल वन बँकेला सुमारे १४ कोटी डॉलर ग्राहकांना परत करायला लावले. ज्यांना नोकरीच नव्हती त्यांनाही कॉल सेंटरवाल्यांनी पेमेंट प्रोटेक्शन विकलं होतं.

शिफ्टवाला_चाकण
ठाण्याच्या ताई, पीडीएफ उघडली. पान सात, बारीक अक्षर: 'कंत्राटदारामार्फत नेमलेले कर्मचारी वगळून'. म्हणजे सहाच्या सहा पोरांना काही मिळालं नसतं, मलाही नाही.

फोन केला. बंद करायचं म्हटल्यावर बाई म्हणाल्या, सर, तुमच्यासाठी निम्म्या दरात देते. म्हटलं, मी कंत्राटी आहे, पान सात बघा. होल्डवर टाकलं, सनई वाजत राहिली. मग म्हणाल्या, पुढच्या वर्षीपासून बंद होईल, भरलेले परत मिळत नाहीत. आज ईमेल टाकला, तक्रार क्रमांक आलाय. नॉमिनीचं नाव मात्र मला अजून कुणी विचारलेलं नाही, तेही त्यात लिहिलंय.